पहिलं बाळंतपण माहेरी: फाईल, कळा, दूध आणि दाखला यांत या चुका टाळा

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी माहेरी येते. ही रीत मला मनापासून आवडते. पहिलटकरणीला त्या दिवसांत आई जवळ असणं फार मोठा आधार असतो. पण या रीतीत एक जागा कच्ची राहते. सात महिने एका डॉक्टरांनी तपासलेली बाई ऐन शेवटी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांपुढे जाऊन बसते. दुपटी, झबली, लाडू यांची तयारी दोन्ही घरं हौसेनं करतात. या बदलाची तयारी मात्र सासरच्यांना वाटतं माहेरचे करतील आणि माहेरच्यांना वाटतं सासरचे करतील. माझ्या, बहिणीच्या आणि नणंदेच्या बाळंतपणात जे चुकलं किंवा चुकता चुकता राहिलं, ते बहुतेक इथलंच होतं.

फाईल सासरी, बाळंतीण माहेरी

माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. पुण्यात सगळ्या तपासण्या वेळेवर झाल्या, अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शनही झालं. निगेटिव्ह गटाच्या आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून ते देतात. मी कराडजवळ माहेरी आले तेव्हा बरोबर आणला शेवटचा केसपेपर आणि गोळ्यांची पिशवी. जाड फाईल पुण्याच्या घरी कपाटातच राहिली, कारण 'एवढं ओझं कशाला' असं मीच म्हटलं होतं. तारखेच्या बारा दिवस आधी रात्री दोनला पाणी गेलं. दवाखान्यात सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला, "निगेटिव्ह गट आहे, अँटी-डी कधी दिलं? आयसीटीचा रिपोर्ट दाखवा." आयसीटी म्हणजे आईच्या रक्तात तशी प्रतिपिंडं आहेत का हे बघणारी तपासणी. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. नवरा तोवर गाडी काढून निघाला होता, खंबाटकी घाटात होता. शेवटी किल्ली असलेल्या शेजारच्या काकूंनी साडेतीन वाजता कपाट उघडलं आणि एकेका पानाचा फोटो पाठवला. सगळ्यात हवं होतं त्या पानाच्या फोटोत नेमकं तारखेवर बोट आलं होतं. त्यांना पुन्हा उठवून तो फोटो परत मागवला. कळा सोसत मी फोनचा पडदा मोठा करून तारखा वाचत होते. ती वेळ कुणावर येऊ नये.

म्हणून निघायच्या आधी पूर्ण फाईल बरोबर घ्या आणि प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या फोनमध्येही ठेवा. त्यातही चार कागद सगळ्यात वर हवेत. पहिला, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा. प्रसूतीची तारीख त्यावरून सगळ्यात अचूक ठरते. नंतरच्या सोनोग्राफीत बाळाच्या वाढीप्रमाणे तारीख पुढेमागे दाखवतात आणि नव्या डॉक्टरांकडे जुना रिपोर्ट नसला की दिवस भरले की नाहीत इथूनच गोंधळ सुरू होतो. दुसरा, रक्तगटाचा आणि निगेटिव्ह असाल तर अँटी-डीच्या तारखेचा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत तेच इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. ते लहान गावात हाताशी असेलच असं नाही, आधी विचारून ठेवा. तिसरा, एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएलचा, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीचा. आईला कावीळ बी असेल तर बाळाला लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन पहिल्या बारा तासांत द्यावं लागतं, त्यामुळे हा रिपोर्ट नंतर सापडून उपयोग नाही. चौथा, साखर, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनचा. सरकारी नोंदणी केली असेल तर माता-बाल संरक्षण कार्डही याच गठ्ठ्यात ठेवा.

आणि नव्या डॉक्टरांना पहिल्यांदा भेटायचं ते कळा सुरू झाल्यावर नव्हे. माहेरी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच तपासून घ्या. खासगी दवाखाना लांब असेल तर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासणी असते, तीही उपयोगी पडते.

दवाखाना ठरला, रात्र ठरली नाही

"त्याच डॉक्टरांकडे तुझा जन्म झाला" हे आपुलकीचं कारण आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. भेटायला जाल तेव्हा विचारा: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त लागलं तर कुठून आणतात? बाळाला अतिदक्षता लागली तर कुठे पाठवतात आणि तिथवर किती वेळ लागतो? ही विचारणा कुणालाही उद्धट वाटणार नाही. चांगले डॉक्टर उलट मोकळेपणानं सांगतात. निगेटिव्ह गट असेल तर त्याच गटाचे दोन-तीन रक्तदाते नात्यात किंवा गावात आधीच शोधून ठेवा.

मग घरातली रात्र ठरवा. गाडी कोण चालवणार? तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण? १०८ ला फोन कोण करणार आणि घराची खूण काय सांगणार? सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसकट प्रसूती, औषधं, तपासण्या, जेवण आणि जाण्यायेण्याचं वाहन मोफत असतं. आशाताईंचा नंबर आई आणि वडील दोघांच्या फोनमध्ये हवा. कंपनीचा विमा असेल तर माहेरच्या गावचं रुग्णालय त्या यादीत आहे का आणि बाळाचं नाव किती दिवसांत चढवावं लागतं, हे सातव्या महिन्यातच बघा. माझ्या नणंदेचे पैसे या एका गोष्टीपायी आधी खिशातून गेले आणि परत मिळवायला चार महिने लागले.

बॅग: फार आधी नाही, फार मोठी नाही

चौतीस-पस्तीस आठवड्यांना बॅग भरून दाराजवळ ठेवा. आत दोन वेगळ्या पिशव्या करा आणि वर मोठ्या अक्षरांत 'आई' आणि 'बाळ' असं लिहा. प्रसूतीच्या खोलीबाहेर सिस्टर "बाळाचे कपडे द्या" म्हणतात, तेव्हा सगळी बॅग उपसून झबलं शोधणारा बाप मी पाहिला आहे. बिचाऱ्याचे हात थरथरत होते.

बाळाच्या पिशवीत सहा-सात दुपटी, चार झबली, टोपडं, मोजे, लंगोट. आईच्या पिशवीत पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, सपाट चपला, थर्मास, चार्जर. जन्माआधी नवं काही आणायचं नाही हा अनेक घरांचा रिवाज आहे, तो मोडायची गरजही नाही. आजीच्या जुन्या सुती साडीची दुपटी नव्या कापडापेक्षा कितीतरी मऊ असतात. धुऊन, कडक उन्हात वाळवून, बंद पिशवीत ठेवा. डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतले कपडे थेट बाळाला घालू नका. डांबरगोळ्यांच्या वाफेनं काही नवजात बाळांच्या लाल रक्तपेशी फुटून कावीळ वाढते. बाळंतविड्यात आलेले नवे कपडेही आधी एकदा धुवाच.

"शेवटी बाळ कमी हलतं" हे खरं नाही

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. शेवटच्या आठवड्यांत जागा कमी होते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ हलायचं कमी होत नाही. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर जेवून, डाव्या कुशीवर शांत पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर तडक दवाखाना गाठा. "सकाळी बघू" म्हणू नका. माझ्या आईनंही प्रेमानंच म्हटलं होतं, "आता खाली सरकलंय, म्हणून शांत आहे." मी तरी गेले. सगळं ठीक होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, असं दहा वेळा आलात तरी चालेल.

कळांचंही तसंच. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर थांबतात, अंतर कमीजास्त होतं, त्या बहुधा खोट्या कळा. खऱ्या कळा जवळजवळ येत जातात आणि जोर धरतात. पहिलटकरणीनं साधारण दर पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर झालं की निघावं. दवाखाना तासभर लांब असेल तर त्याच्या बरंच आधी. पण पाणी गेलं तर कळांची वाट बघत बसायचं नाही, आणि पाणी हिरवट असेल तर अजिबातच नाही. रक्त जाणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, तोंडावर अचानक सूज, छातीखाली बरगडीजवळ दुखणं यांपैकी काहीही असलं तर तारीख कितीही लांब असो, लगेच निघा.

पहिल्या घोटाचं बोलणं आधीच करून ठेवा

माहेरी सगळ्यात जास्त वाद इथे होतात, आणि तेही बाई थकून पडलेली असताना. आजी सोनं-मध चाटवायचं म्हणते, आत्या गुटी उगाळायला सहाण मागते, कुणी म्हणतं दूधच आलं नाही, वरचं द्या. प्रत्येकीच्या मनात मायाच असते. म्हणून हे बोलणं आठव्या महिन्यात, भाजी निवडताना करून ठेवावं.

मी आजीला विचारलं होतं, "गाय व्याल्यावर वासराला चीक पाजतात ना?" ती म्हणाली, "पाजायलाच लागतो, नाहीतर वासरू धरत नाही." मग मी म्हटलं, "बाळाचंही तेच." ते तिला पटलं, आणि पुढे तीच सगळ्यांना सांगू लागली. पहिले दोन-तीन दिवस घट्ट पिवळसर चीक चमचा-दोन चमचेच येतो आणि बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं. सिझेरियन झालं तरी बहुतेक वेळा ते जमतं, फक्त कुणीतरी बाळाला नीट धरून द्यावं लागतं. दूध भरून यायला तीन-चार दिवस लागतात. सहा महिने पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत नकोच, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला अंग लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

दूध पुरतंय का हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पाच-सहा दिवसांचं झाल्यावर बाळ दिवसाला सहा वेळा तरी ओलं करायला हवं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. उतार दहा टक्क्यांच्या पुढे गेला तर मात्र दाखवा. पहिल्याच दिवशी अंग पिवळं दिसलं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेला, तर कोवळ्या उन्हात ठेवून वाट बघू नका.

बाळंतिणीची खोली

शेक हवाहवासा वाटतो हे मला माहीत आहे. पण बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि आई-बाळ दोघंही झोपलेली असतात. शेकायचं असेल तर गरम पाण्याची पिशवी पुरे. वावडिंग-ओव्याची धुरी बाळाच्या छातीला सोसत नाही. नाळेला तेल, हळद, पावडर काहीच लावायचं नाही, कोरडी राहिली की आपोआप पडते. डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. बाळंतिणीला पाणी कमी देणं ही तर साफ चूक आहे. अळिवाचे, डिंकाचे लाडू खुशाल खा, पण भाजी आणि वरणभात सोडून नव्हे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा.

आणि बापाला फक्त बारशाला बोलवू नका. रात्रीचं एक पाजणं झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम त्याचं, असं आमच्याकडे ठरलं होतं. कारण नसताना रडू येणं पहिल्या आठवड्यात खूपजणींना होतं. दोन आठवडे उलटूनही मन उचलत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल तर डॉक्टरांना सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, त्यावर मराठीत बोलता येतं.

जन्म तिथे दाखला

बाळ कराडला जन्मलं तर जन्माची नोंद तिथेच होते, पुण्यात नाही. दवाखान्यातल्या फॉर्मवर माहेरच्या ओळखीनं आईचं माहेरचं नाव लिहिलं जातं आणि पुढे शाळेपर्यंत ते निस्तरत बसावं लागतं. दोघांच्या आधारवर आहे तसंच नाव, त्याच अक्षरांत, स्वतः वाचून द्या. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव बारा महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागतो. म्हणून सासरी परतण्याआधी दोन-तीन प्रती काढून घ्या.

परतायचा दिवस बहुधा सव्वा महिन्यानंतरचा असतो आणि सहा आठवड्यांची लस नेमकी त्याच सुमारास येते. लस घेतल्यावर बाळाला ताप येऊ शकतो, तेव्हा लस आणि प्रवास एकाच दिवशी ठेवू नका. जन्मतः दिलेल्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ बीच्या नोंदी कार्डावर तारखेसह लिहिल्या आहेत का, हे दवाखान्यातून निघतानाच बघा. ते कार्ड सामानाच्या बॅगेत नव्हे, पर्समध्ये ठेवा.