पाच वर्षांच्या मुलाला अमूर्त चित्र दाखवताना

“हे काय आहे, सांग बरं?” हा प्रश्न आधी बंद करा. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या ‘बिंदू’ मालिकेतल्या काळ्या वर्तुळापुढे असं विचारलं की मूल चित्र सोडून तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागतं. “काय काय दिसतंय?” असं विचारा. ते “सूर्य” म्हणालं की “कशावरून?” एवढंच. “सूर्य कधी काळा असतो का?” म्हणालात, की खेळ संपला.

तयारी ठाण्यातल्या घरातच होते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून एका चित्राची ए-थ्री रंगीत प्रिंट काढा. मोबाईल नको, बोट लागताच चित्र सरकतं आणि मग बोटाचाच खेळ होतो. प्रिंट मुलाच्या नजरेच्या उंचीला, जमिनीपासून साधारण एक मीटरवर चिकटवा आणि आठवडाभर तीच राहू द्या. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यात चार सेंटीमीटरची चौकोनी खिडकी कापून द्या. ती चित्रावर फिरवत “सगळ्यात गरम लाल कुठाय?” शोधायचं. एरवी ‘नुसता लाल’ म्हणून सोडून दिलेल्या भागात ब्रशचे फटकारे आणि खालून डोकावणारा पिवळा तेव्हाच दिसतो.

मग मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश मोफत आहे, वेळ सकाळी ११ ते संध्याकाळी ७. रविवारी जायचं तर लोकलचा मेगाब्लॉक बघूनच निघा. सीएसएमटीला उतरल्यावर आधी पोटपूजा, कारण भुकेलं मूल चित्र बघत नाही. आत तीनच चित्रं, अर्धा तास. सगळी भिंत संपवायचा हट्ट मोठ्यांचा असतो.

चित्रं मोठ्यांच्या नजरेला टांगतात, मध्य जवळजवळ दीड मीटरवर. जवळ उभ्या मुलाला खालची कड आणि काचेवरची दिव्याची तिरीपच दिसते. एकदा तिथेच उकिडवे बसून बघा, मग त्याला दोन-तीन मीटर मागे न्या. चित्राशेजारची नावाची पाटी शेवटी वाचा. बोलायला शब्द नसतील तर “ही रेघ हाताने हवेत काढ” म्हणा. हात मात्र चित्राला लागता कामा नये, घामाचे डाग तैलरंगावर राहतात.

घरी आल्यावर अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडेंची आठवण काढा. ते रोलर आणि पॅलेट नाइफनेही रंग लावत. जाड कागदावर पोस्टर कलरचे दोन चमचे ओता आणि पत्रिकेचाच दुसरा तुकडा धरून खरवडत न्या. रंग दोनच द्या. लाल, निळा, पिवळा, हिरवा एकत्र दिलेत की पाच मिनिटांत चिखल होतो आणि मूल रडकुंडीला येतं. पहिला थर वाळायला पंख्याखाली वीस मिनिटं तरी द्या, पावसाळ्यात दुप्पट.

मागे तारीख आणि मुलाने सांगितलेलं नाव लिहा. ते ‘पाव’ म्हणालं, तर पाव.