पहिला किस, वांग्याचं भरीत आणि नाकाची चौकशी

आमच्या खान्देशात सोयरीक जमवायची म्हणली की आधी चौकशी होते. मामा, मोठे काका, पाचोऱ्याकडचा कोणीतरी लांबचा मावसा, हे सगळे मिळून पोराचा पगार किती, शेती किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, पोरगा घेतो का, सगळं खोदून काढतात. पण एवढं करून लग्न लावलं तरी एक चौकशी राहूनच जाते भो, ती कोणी मामा करू शकत नाही, ती नाक आणि ओठ करतात, पहिल्या किसच्या वेळी. अन् तिच्यात बरेच जण नापास होतात, मी पण झालो होतो.

माझं लग्न डिसेंबरातलं. चौथ्या दिवशी मळ्यात भरीत पार्टी ठेवली होती पाहुण्यांनी. जळगावची ती मोठी हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात आणि लसूण किती ते विचारूच नका, सोबत कळण्याच्या पुऱ्या. मी आठ पुऱ्या हाणल्या. रात्री खोलीत गेलो, दिवा मंद केला, सगळं पिक्चरसारखं, जवळ गेलो तर बायकोनं मान वळवली आणि म्हणाली, "अहो, आधी दात घासून या." घासून आलो. परत मान वळवली. "परत घासा." तिसऱ्यांदा पेस्ट संपत आली तेव्हा कळलं की हे ब्रशचं काम नाही. तिथून मी हा विषय वाचायला लागलो तो आजपर्यंत, आणि आता लग्नसराई तोंडावर आहे म्हणून लिहून टाकतो, ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी आणि ज्यांचं होऊन दहा वर्षं झाली त्यांच्यासाठी तर जास्तच.

आधी नाकाचं बघू कारण सगळा खेळ तिथंच आहे. किस करताना आपण समोरच्याच्या एवढं जवळ जातो की त्याच्या कातडीचा, श्वासाचा, केसांचा वास थेट नाकात जातो, आणि चव म्हणून आपल्याला जे वाटतं त्यातला मोठा हिस्सा पण वासच असतो (सर्दी झाली की शेवभाजी पण पुठ्ठ्यासारखी लागते ना, तेच). अमेरिकेत गॉर्डन गॅलप नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या टीमनं कॉलेजच्या पोरापोरींना विचारलं होतं की एखादी व्यक्ती आवडत होती पण पहिल्या किसनंतर इंटरेस्टच गेला असं झालंय का, तर अर्ध्याहून जास्त पोरं आणि पोरी दोघं हो म्हणाले. म्हणजे चांगला किस झाला म्हणून प्रेम होईलच असं नाही, पण वाईट झाला तर चालू गाडी बंद पडू शकते.

वासाबद्दल एक प्रयोग फार फेमस आहे. 1995 मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लाउस वेडेकिंड यांनी पुरुषांना दोन रात्री एकच टीशर्ट घालून झोपायला लावलं आणि मग बायकांना ते टीशर्ट हुंगायला दिले. आपल्या शरीरात काही जीन्स (म्हणजे जनुकं) असतात ज्यांच्यावर रोगप्रतिकारशक्ती आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखते, त्यांना एमएचसी म्हणतात. तर ज्या पुरुषांची ती जीन्स आपल्यापेक्षा वेगळी, त्यांचा वास बायकांना जास्त बरा वाटला, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये मात्र उलटं दिसलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं अरे आपल्याकडे एका गोत्रात सोयरीक करत नाहीत त्याचं सायन्स सापडलं. पण थांबा, पुढं बऱ्याच लोकांनी असे अभ्यास केले आणि निकाल एकसारखे आले नाहीत, काहींना काहीच फरक सापडला नाही. त्यामुळं ऑनलाइन कोणी फेरोमोनचा (म्हणजे वासातून समोरच्याला ओढणाऱ्या रसायनाचा) परफ्यूम विकत असेल तर घेऊ नका, माणसात असं फेरोमोन अजून पक्कं कुणाला सापडलेलं नाही. त्या पैशात टंग क्लीनर घ्या आणि उरलेल्याची जिलेबी खा.

तर तयारी. तोंडाचा रोजचा वास बहुतेक जिभेच्या मागच्या भागातून येतो, तिथं बॅक्टेरिया अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी खातात आणि गंधकाचे वायू सोडतात, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्यातलाच. दात घासणारे जीभ सोडून देतात, आणि जीभ घासणारे पण पुढची पुढचीच. मागपर्यंत जा, थोडी ओकारी येते, येऊ द्या. दातांच्या फटीतून दोरा फिरवा, हिरड्यांतून रक्त येत असेल तर डेंटिस्टकडे जा, लग्नाच्या फोटोआधी दात पांढरे करायला जातात तसं नाही, तर खऱ्या सफाईसाठी.

दुसरी गोष्ट पाणी. लाळ हीच तोंडाची झाडूवाली आहे, ती कमी झाली की वास वाढतो, म्हणून झोपून उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आता भुसावळ जळगावचं मे महिन्यातलं ऊन बघा, पारा 45 च्या आसपास, तोंड सुकून कोरडं ठाक, त्यात टेन्शन आलं की लाळ अजून आटते, म्हणून घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला वास जास्त. चुळा भरा, घोट घोट पाणी पित रहा. तंबाखू, गुटखा, मिसरी याबद्दल मी जास्त बोलत नाही, गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे तरी कुठं मिळतो सगळ्यांना माहीत आहे, पण एवढं सांगतो की पुडी टाकून वर बडीशेप खाल्ली तर वास जात नाही, दोन वास येतात.

आणि लसूण. हा माझा खास विषय. लसूण पचताना त्यातनं अलिल मिथाइल सल्फाइड नावाचा वायू तयार होतो, तो आतड्यातून रक्तात जातो, रक्तातून फुप्फुसात आणि मग दर श्वासाला बाहेर, तासन् तास. म्हणून माझा ब्रश फेल गेला, वास तोंडातून नाही तर छातीतून येत होता! यावर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत काम झालंय आणि उपाय एकदम घरगुती आहेत, कच्चं सफरचंद किंवा पुदिन्याची पानं लसणासोबत किंवा लगेच नंतर चावून खायची, नाहीतर दूध प्यायचं. जेवताना किंवा लगेच घेतलं तरच उपयोग जास्त, रात्री अकराला आठवण आली तर फार काही होत नाही.

ओठांचं पण बघा. ओठांची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा खूप पातळ, खालच्या रक्तवाहिन्या दिसतात म्हणून ओठ लाल, आणि त्यात घामाच्या ग्रंथी नाहीत म्हणून धुळ्याच्या थंडीत पहिले ओठच फुटतात. रात्री तूप किंवा व्हॅसलीन लावा, पुरुषांनी पण लावा, काही कमी होत नाही. मिशी दाढीची खुंटं असतील तर एकतर नीट वाढवा नाहीतर नीट काढा, दोन दिवसांची दाढी समोरच्याला खराट्यासारखी लागते.

आता प्रत्यक्ष. पहिलं म्हणजे विचारा. आपल्याकडे विचारायची सवय नाही, मराठीत ते वाक्य बोलायला पण जीभ अडखळते हे मान्य, पण "जवळ येऊ का?" एवढं म्हणायला काय जातं. साखरपुडा झाला, हळद लागली, लग्न झालं म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. समोरची व्यक्ती अंग चोरते, हात मध्ये घेते, तर ते उत्तर आहे, लाजतेय असं समजून पुढं रेटू नका. अनोळखी माणसाशी ठरवून झालेलं लग्न असेल तर पहिले चार दिवस नुसत्या गप्पा मारल्या तरी चालतं, माझं तर भरितामुळं तसंच झालं.

मग हळू. ओठांवर स्पर्शाच्या नसांची टोकं खचाखच आहेत, चेहऱ्याच्या स्पर्शाची नस, ट्रायजेमिनल, तिची तार थेट मेंदूत जाते, आणि मेंदूत स्पर्शाचा जो नकाशा असतो त्यात अख्ख्या पाठीपेक्षा ओठांना जास्त जागा आहे. वाइल्डर पेनफील्ड नावाच्या सर्जननं कॅनडात ऑपरेशनच्या वेळी जाग्या पेशंटच्या मेंदूला बारीक करंट देऊन हा नकाशा काढला होता. याचा आपल्यासाठी अर्थ इतकाच की जोर लावायची गरज नाही, हलका स्पर्श पण तिकडं पूर्ण पोचतो. पिक्चर बघून शिकलेली पोरं ज्या पद्धतीनं तुटून पडतात त्यात दात आपटतात फक्त. आधी कपाळ, गाल, मग ओठ, तोंड जवळजवळ बंद, दोन सेकंद थांबा, मागं या, चेहरा बघा. समोरून परत जवळ यायची हालचाल झाली तर पुढं. जिभेचा विषय पहिल्या दिवशी काढूच नका.

नाकं आपटू नयेत म्हणून मान कुठं वळवायची? जर्मनीच्या ओनुर ग्युंटुरकुन यांनी अमेरिका, जर्मनी आणि तुर्कस्तानात विमानतळ, रेल्वे स्टेशन, बीच अशा ठिकाणी उभं राहून किस करणारी 124 जोडपी मोजली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश उजवीकडं मान वळवत होती, 2003 मध्ये छापून आलं ते. (हा माणूस जळगाव स्टँडवर उभा राहिला असता तर वही कोरी घेऊन परत गेला असता.) म्हणजे उजवीकडं वळवली तर टक्कर व्हायचा चान्स कमी, आणि झाली तर हसा, हसल्यानं बिघडत नाही.

जागेचं लोक मनावर घेत नाहीत पण ती फार महत्त्वाची. अमेरिकेत वेंडी हिल यांनी जोडप्यांच्या हार्मोनची किसच्या आधी आणि नंतर तपासणी केली, तर ताणाचं कॉर्टिसॉल दोघांचं कमी झालं, पण जवळीक वाढवणारं ऑक्सिटोसिन पुरुषांचं वाढलं आणि बायकांचं वाढलंच नाही. प्रयोग झाला होता कॉलेजच्या दवाखान्यात, तिथं मूड कसा येणार, त्यांना स्वतःलाच ती शंका होती. आता आपल्या घरांची तुलना करा, एका भिंतीपलीकडं सासूबाई, दुसरीकडं दिराची पोरं, दाराची कडी नीट बसत नाही. बाईच्या डोक्यात अर्धं लक्ष कडीकडंच राहणार, मग नवरा म्हणतो हिला आवडतच नाही. आधी कडी बसवा, पन्नास रुपयाचं काम आहे. उन्हाळ्यात कुलरचा आवाज हा देवानं दिलेला आडोसा आहे, तो वापरा. बाहेरचं म्हणाल तर जळगावचा मेहरूण तलाव किंवा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याला फिरायला जा, हातात हात घ्या, पण किस घरी. सार्वजनिक ठिकाणी कोणाला त्रास होईल असं अश्लील वर्तन हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किस अश्लील धरायचा का यावर वकील वाद घालतील, तुम्ही कशाला घालता.

तब्येतीचं पण सांगतो, घाबरवायला नाही. 2014 मध्ये नेदरलँड्समध्ये रेम्को कोर्ट यांच्या टीमनं 21 जोडप्यांवर प्रयोग केला, एकाला दह्यासारखं पेय पाजलं आणि मग किस करायला लावलं, तर दहा सेकंदांच्या किसमध्ये साधारण 8 कोटी बॅक्टेरिया इकडून तिकडं गेले. आकडा ऐकून तोंड वाकडं करू नका, बहुतेक सगळे निरुपद्रवी असतात. पण ओठावर पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका आला असेल तर तो हर्पीसचा व्हायरस असू शकतो, खपली पडून कातडी पूर्ण बरी होईपर्यंत किस बंद, आणि अशा वेळी तान्ह्या बाळाचा मुका तर अजिबात घ्यायचा नाही, त्या वयात तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडं बारशाला आलेला प्रत्येक जण बाळाचा मुका घेतो, कोणी नाही म्हणलं तर रुसतात, रुसू द्या. साधा घसा दुखणं ताप असेल तरी चार दिवस थांबा. एचआयव्ही लाळेतून पसरत नाही, तो गैरसमज अजून फिरतो म्हणून लिहिलं.

कोणी म्हणेल हे सगळं परदेशी खूळ आहे. तर 2015 च्या एका अभ्यासात जगातल्या 168 संस्कृती तपासल्या, त्यातल्या 46 टक्क्यांतच ओठांवरचा रोमँटिक किस सापडला, म्हणजे तो माणसात जन्मजात आहेच असं नाही, ज्यांना नको वाटतो त्यांच्यात काही खोट नाही. पण आपल्याला तो परका पण नाही, कामसूत्रात चुंबनावर वेगळा अध्याय आहे. अन् जळगावहून तासा दीड तासावर अजिंठा आहे, शाळेच्या सहलीत सतरा नंबरच्या लेणीत दाराच्या वरची ती चित्रातली जोडपी बघायच्या आधीच सर आम्हाला पुढं ढकलायचे.

लग्नाला दहा वर्षं झालेल्यांचं वेगळं. ऑक्सफर्डच्या व्लोडार्स्की आणि डनबार यांनी साधारण 900 लोकांना विचारलं तेव्हा जास्त किस करणारी जोडपी नात्यात जास्त समाधानी दिसली. आता सुखी आहेत म्हणून करतात का करतात म्हणून सुखी, हे नुसत्या विचारण्यातून कळत नाही. पण कोरी फ्लॉइड यांनी 2009 च्या प्रयोगात काही जोडीदारांना सहा आठवडे मुद्दाम जास्त किस करायला सांगितलं, बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही, तर करणाऱ्यांचा ताण कमी झाला आणि कोलेस्टेरॉल पण थोडं उतरलं. डॉक्टर तुम्हाला असली चिठ्ठी लिहून देणार नाहीत म्हणून मीच सांगतोय, सकाळी डबा घेताना एक, रात्री दिवा बंद करताना एक, पोरं झोपली नसतील तर गालावर, चालतं.

आमच्याकडं आता भरीत असलं की दोघं एकाच ताटात जेवतो, दोघांनी खाल्लं की कोणाच्याच नाकाला काही जाणवत नाही. अन् तिला उपास असला आणि मी एकट्यानंच पार्टी हाणून आलो तर फ्रीजवर एक सफरचंद काढून ठेवलेलं असतं, ती काही बोलत नाही, मी पण नाही, उभ्या उभ्याच खातो.