बंपरला भोक न पाडता पार्किंग सेन्सर बसवताना या चुका टाळा

बंपरला भोक पाडायचे नाही असे ठरवले की पार्किंग सेन्सरचे प्रामुख्याने दोन प्रकार उरतात. पहिल्यात क्रमांकाच्या पाटीच्या चौकटीतच अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलेले असतात आणि ती चौकट पाटीच्या मूळच्या स्क्रूंवर बसते. दुसऱ्यात प्लास्टिकच्या बंपरच्या आतल्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी चिकटवली जाते आणि तिच्याभोवतीच्या विद्युत क्षेत्रात झालेल्या बदलावरून अडथळा ओळखला जातो. याला इलेक्ट्रोमॅग्नेटिक सेन्सर म्हणतात. ड्रिल लागत नाही म्हणून हे काम अर्ध्या तासाचे आहे असे अनेकांना वाटते आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते. भोकात घट्ट बसलेला सेन्सर सहसा जागचा हलत नाही, चिकटवलेल्या पट्टीचे भवितव्य मात्र ती लावण्यापूर्वी आपण काय केले यावर अवलंबून असते.

प्रकार निवडतानाच होणारी चूक

बंपर धातूचा असेल तर पट्टीचा प्रकार चालणार नाही, कारण धातूमुळे पट्टीचे क्षेत्र बाहेर पोहोचतच नाही. अशा गाडीला पाटीच्या चौकटीचा सेन्सर घ्यावा. याच्या उलट चूकही होते. भोक टाळण्यासाठी काही जण साधे अल्ट्रासॉनिक सेन्सर बंपरच्या आतून चिकटवतात. ते ध्वनिलहरींवर चालतात आणि प्लास्टिकची भिंत त्या लहरी तिथल्या तिथे परतवते; त्यामुळे सेन्सरला मागची गाडी न दिसता स्वतःचाच बंपर दिसतो आणि इशारा अखंड वाजत राहतो.

पट्टीच्या सेन्सरचा एक गुणधर्म विकत घेण्यापूर्वीच माहीत असायला हवा. तो अंतर मोजत नाही, तर क्षेत्रातील बदल टिपतो. गाडी मागे सरकत असेल किंवा मागून कोणी जवळ येत असेल तेव्हाच तो वाजतो आणि गाडी थांबली की काही क्षणांत गप्प होतो. भिंतीला आधीच खेटून उभ्या असलेल्या गाडीत रिव्हर्स गिअर टाकला तर गाडी हलेपर्यंत कोणतीही सूचना मिळत नाही. हा बिघाड नसतो, पण शांतता म्हणजे मोकळी जागा असा अर्थ चालकाने लावला तर धडक ठरलेली. त्यातच या सेन्सरचा पल्ला मीटरभराच्या आतलाच असल्यामुळे वेगाने मागे येणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

अल्ट्रासॉनिक सेन्सरलाही त्याची मर्यादा आहे. हवेत ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो, त्यामुळे १ मीटरवरच्या अडथळ्याचा प्रतिध्वनी साधारण ५.८ मिलिसेकंदांत परत येतो. अडथळा ३० सेंटिमीटरहून जवळ असेल तर तो दोन मिलिसेकंदांच्या आतच येतो आणि तेवढ्या वेळात सेन्सरचा पडदा स्वतःच्या कंपनातून सावरलेलाही नसतो. म्हणून अगदी जवळचे अंतर त्याला नीट कळत नाही. बारीक खांब, जाळी आणि तिरपा पृष्ठभाग हेही त्याच्या नजरेतून निसटतात.

चिकटवण्याची तयारी

सर्वांत जास्त काळजी इथे घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. बंपर आतून पुसायचा म्हणजे ओले फडके फिरवायचे नव्हे. आधी साबणाच्या पाण्याने चिखल काढावा, बंपर पूर्ण वाळू द्यावा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टीची संपूर्ण रेघ पुसून घ्यावी. त्यानंतर त्या जागेला बोट लावू नये, कारण बोटाचे तेलसुद्धा पकड कमी करते.

बंपरच्या आतल्या बाजूला कोपऱ्यात प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो, तो अवश्य वाचावा. तिथे पीपी किंवा पीपी आणि ईपीडीएम असे असेल, आणि बऱ्याच बंपरवर ते असतेच, तर ते पॉलिप्रोपिलीन आहे. या प्लास्टिकच्या पृष्ठभागाची ऊर्जा इतकी कमी असते की गोंद त्यावर पसरण्याऐवजी आकसतो. अशा बंपरवर आधी चिकटपणा वाढवणारा प्रायमर लावावाच लागतो. पट्टी महिनाभराने टोकाकडून सुटत येते तेव्हा दोष टेपला दिला जातो, पण खरे कारण बहुधा हेच असते.

थंड बंपरवर काम करू नये. गोंद नरम राहण्यासाठी पृष्ठभाग किमान १५ ते २० अंश सेल्सिअस असावा. पट्टी एका सलग तुकड्यात, सुरकुत्या न पाडता, मधून टोकांकडे दाबत न्यावी. मध्येच तुटलेली पट्टी नुसती एकावर एक चिकटवून जोडली तर मधला गोंद विजेची वाट अडवू शकतो आणि बंपरची एक बाजू आंधळी होते. पट्टी धातूच्या आडव्या तुळईला, सायलेन्सरच्या नळीला किंवा टो हुकला टेकू नये. ती धातूच्या जितकी जवळ जाईल तितका तिचा पल्ला घटेल. फोमच्या दुहेरी टेपने बसवलेल्या संचातल्या डब्यांना (नियंत्रक, बझर) पूर्ण पकड यायला सामान्य तापमानात साधारण ७२ तास लागतात. तोपर्यंत गाडी धुऊ नये.

वायरिंग

वायर डिकीत नेण्यासाठीही भोक पाडायची गरज नसते. डिकीच्या तळाशी किंवा दिव्यामागे कारखान्यातूनच रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर जाण्याच्या भोकातले रबरी बूच, बसवलेले असते. त्यातून वायर न्यावी आणि बाहेरच्या बाजूला तिला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पाणी वायरवरून आत न शिरता तिथेच ठिबकेल. पिवळ्या आवरणाची वायर दिसली तर तिला हात लावू नये, ती एअरबॅगची असू शकते.

वीज सहसा रिव्हर्स दिव्याच्या वायरवरून घेतात. नव्या गाड्यांमध्ये मात्र दिव्याला अनेकदा सलग वीज न देता झटक्यांनी दिली जाते. मल्टिमीटरवर तिथे १२ व्होल्टपेक्षा बरेच कमी दिसले आणि सेन्सर अधूनमधून नव्याने सुरू झाल्यासारखा वाजला, तर त्या संचासाठी बनवलेला फिल्टर जोडावा. अर्थिंगची वायर रंगावर नव्हे, तर उघड्या धातूवर घट्ट बसवावी.

बिघाड शोधताना

काहीच वाजत नसेल तर आधी रिव्हर्स दिवा लागतो का ते पाहावे, मग फ्यूज, मग अर्थिंग. सतत वाजत असेल तर पाटीच्या चौकटीची दिशा तपासावी. चौकट खाली झुकली असेल तर सेन्सरला जमीनच अडथळा वाटते. मागे लावलेले सायकलचे स्टँड किंवा सैल पाटी हीदेखील नेहमीची कारणे आहेत. पट्टीचा सेन्सर केवळ पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाजत असेल, तर बंपरवरून ओघळणारे पाणी त्याचे क्षेत्र बदलत असते आणि बंपर वाळला की आवाज थांबतो. कोरडेपणीही तो वाजतच राहिला तर पट्टी कुठे सुटली आहे का, ते आतून पाहावे.

चाचणी मोकळ्या, हवेशीर जागी करावी. पाण्याने भरलेली बादली स्टुलावर, बंपरच्या उंचीला ठेवावी आणि सोबत्याला बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर उभे करून गाडी अगदी सावकाश मागे घ्यावी. ज्या अंतरावर पहिला आवाज येतो आणि ज्या अंतरावर तो अखंड होतो, ती दोन्ही अंतरे फुटपट्टीने मोजून लिहून ठेवावीत. हीच मोजणी मधोमध आणि दोन्ही कोपऱ्यांवर स्वतंत्रपणे करावी आणि महिनाभराने पुन्हा करून पाहावी. एखाद्या कोपऱ्याचे अंतर तेव्हा घटलेले आढळले, तर पट्टी तिथून सुटू लागलेली असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.