जपानी ओबी आणि सोन्याचा भाव: या चुका टाळा

"ताई, सोनं एवढं चढलंय, तर जुन्या ओबीतून साधारण किती ग्रॅम निघेल?" हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर फोनमध्ये लिहूनच ठेवलंय: काही निघत नाही.

मी क्योतोत राहते. निशिजिनचा विणकरांचा भाग घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. जुन्या ओबींच्या पर्स शिवते, कधी ब्लाउजची पाठ, आणि आपल्याकडून कोणी खरेदीला आलं की सोबत जाते. ओबी म्हणजे किमोनोवर कमरेला गुंडाळतात तो रुंद पट्टा. निशिजिनच्या मागावरची ओबी झगमगते, त्यामुळे आपल्या बायका तिच्याकडे पैठणीच्या नजरेने बघतात. निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

ओबी जाळून बघणे

सगळ्यात जास्त मी चिडते ती या चुकीवर.

आपल्याकडे शालू विरला की जरीचे काठ वजनावर जातात. जाळले की रेशमाची राख होते आणि चांदी उरते, कारण खरी जर म्हणजे चांदीची चपटी तार, रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली आणि वरून सोन्याचं पाणी दिलेली. तिला वजन असतं. जपानी जरीत तारच नाही. इथे वाशी या जपानी हातकागदाला उरुशी लावतात, म्हणजे उरुशीच्या झाडाचा चीक. त्यावर सोन्याचा वर्ख बसवतात आणि त्या कागदाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर पट्ट्या कापतात. पट्टी दोऱ्यावर गुंडाळली की आपल्या कलाबतूसारखा दोरा होतो; क्योतोच्या दक्षिणेचं जोयो त्यासाठी प्रसिद्ध आहे. न गुंडाळता तशीच बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, घातली की ते हिकिबाकु. 'हिकु' म्हणजे ओढणे, 'हाकु' म्हणजे वर्ख. विणकर बांबूच्या चपट्या काडीच्या खाचेत एक पट्टी अडकवतो आणि ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, फटीतून ओढून घेतो. मग रेशमाचा बाणा, मग पुढची पट्टी. कागदाची टोकं न कापता ठेवलेली असतात, त्यामुळे पट्ट्या क्रमाने राहतात, आणि विणकर त्यातली एकेक सोडवून घेतो. पट्टी वाटेत उलटली तर कागदाची पाठ वर येते आणि कापडावर पांढरी रेघ दिसते. मला एकदा हौसेने बसू दिलं होतं. दहा मिनिटांत तीनदा उलटवली. विणणाऱ्या आजीबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढे वाकून उसवत राहिल्या.

आता आमच्या आतेवहिनींची गोष्ट. नोव्हेंबरात आल्या होत्या. कितानो तेन्मान्गु देवळात दर महिन्याच्या २५ तारखेला बाजार भरतो, तिथून त्यांनी तीन जुन्या ओबी हजार-दीड हजार येनला एक अशा उचलल्या. मला वाटलं, पडदे-बिडदे करतील. रात्री धुराचा अलार्म ठणाणा वाजायला लागला. जाऊन बघते तर वहिनी स्वयंपाकघरात, माझी गावाहून आणलेली लोखंडी कढई शेगडीवर, आणि तिच्यात ओबीचे तुकडे. पहिल्या दोन ओबींचा काळा डिंक होऊन कढईला चिकटला होता, कारण त्यातली झगमग पॉलिस्टरच्या फितीची होती. तिसरीची भुरभुरीत राख झाली. ती हाताने विणलेली खरी हिकिबाकु होती आणि वहिनींनी बरोबर मधला, सगळ्यात सुंदर फूटभर भाग कापला होता. त्या फूटभरात फार तर दोन दशांश ग्रॅम सोनं असेल, तेही इतकं पातळ की राखेत बोट फिरवलं तर दिसत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे सकाळी मिठाई घेऊन माफी मागायला मी गेले, वहिनी नाही. ओबीच्या उरलेल्या भागाच्या दोन पर्स झाल्या. कढई अजून गच्चीत आहे.

खरं-खोटं बघायचंच असेल तर उलट बाजूची एखादी सुटलेली पट्टी भिंगाखाली धरा. कागदाचे तंतू दिसले तर कागद, गुळगुळीत दिसलं तर पॉलिस्टरची फीत. मी एवढंच करते.

वजनावर किंमत जोखणे

जपानचा जवळजवळ सगळा वर्ख कानाझावात होतो. नेहमीचं पान १०.९ सेंटिमीटर चौरस, जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी. ओबी साधारण ३१ सेंटिमीटर रुंद आणि सव्वाचार-साडेचार मीटर लांब. अख्खी ओबी वर्खाने झाकायची म्हटलं तर ११० च्या वर पानं लागतात, पण सगळं सोनं गोळा केलं तर अडीच ग्रॅमच्या आसपास भरतं. २००० च्या सुमारास इथे सोनं ग्रॅमला हजार येनच्या आसपास होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार ओलांडले आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर वीस हजार. डॉलरमधला भाव चढत होता आणि येन घसरत होता, दोन्ही एकदम. तरी त्या भावाने पन्नास हजारांचंच सोनं झालं, आणि अशी नवी ओबी काही लाख येनला जाते.

म्हणून एक काका दुकानात हिशोब मांडून म्हणाले, "सोनं पन्नास हजारांचं, मग बाकीचे पैसे कसले?" मी ते भाषांतर केलंच नाही. म्हटलं, काका विचारताहेत की पाणी मिळेल का.

बाकीचे पैसे कसले? नक्षी काढणारा वेगळा, रेशीम रंगवणारा वेगळा, ताणा लावणारा वेगळा, वर्ख बसवणारा आणि पट्ट्या कापणारा वेगळा, विणणारा वेगळा. निशिजिनमध्ये एका छताखाली सगळं होत नाही. मला विचाराल तर महागाईचा चिमटाही ग्रॅममध्ये बसत नाही, अडकलेल्या पैशात बसतो. वर्ख आज रोख घ्यायचा, त्याचा कागद तयार व्हायला वेळ, विणायला आणखी वेळ, मग घाऊक व्यापारी, मग दुकान. पैसे हातात येईपर्यंत महिने जातात. पूर्वी वर्खवाला तऱ्हेतऱ्हेचे कागद करून खणात ठेवायचा, विणकर येऊन निवडायचा. मी जाते त्या वर्खवाल्याकडे हल्ली ऑर्डर आल्याशिवाय सोन्याचा कागद होत नाही. खण उघडून दाखवले त्यांनी मला. नमुन्याचे तळहाताएवढे तुकडे होते, पाठीवर पेन्सिलीने तारीख. ऑर्डर कमी म्हणजे कापणाऱ्याला काम कमी, आणि तो सत्तरीचा असेल तर सरळ यंत्र झाकून ठेवतो. हे दुकानातल्या चिठ्ठीवर दिसत नाही.

"सोनं नको, चांदीची द्या"

ही चूक हुशार लोक करतात. चांदीचा भावही २०२५ मध्ये भडकला, पण ग्रॅमला सोन्याच्या मानाने ती किरकोळच. गंमत अशी की कागद तोच, उरुशी तीच, कापणं तेच, ओढणंही तेच. बचत वाटते तेवढी होत नाही, आणि चांदी काळी पडते. निशिजिनवाले हे जाणूनच चांदीच्या वर्खाला गंधक दाखवून मुद्दाम रंग चढवतात, त्यातून तांबूस, निळसर, जुन्या सोन्यासारख्या छटा येतात. पण ते त्यांच्या हातातलं आहे. तुमच्या कपाटात आपोआप होतं ते वेगळं.

इथे मी स्वतःची फजिती सांगते. चांदीच्या वर्खाची एक ओबी एका गिऱ्हाइकासाठी घेऊन ठेवली होती. गुंडाळी सुटू नये म्हणून तिच्या कागदी वेष्टणावरून दोन रबरबँड लावले. जूनमध्ये पावसाळा लागला, इथला पावसाळा दमट, चिकट, आपल्या कोकणासारखा. ऑगस्टात उघडली तर ओबीवर आडव्या दोन करड्या रेघा, बोटभर अंतरावर, जणू कोणी पट्टी धरून पेन्सिल ओढलीय. रबरातलं गंधक कागदातून आत गेलं होतं. पुसू नका म्हणून सगळ्यांना सांगणारी मी, घाबरून सुती कापडाने पुसायला गेले आणि एका रेघेवरची चांदीच निघाली. ती ओबी माझ्याकडेच राहिली. तेव्हापासून सुती नाडी बांधते, आणि चांदीची ओबी लोकरीच्या कपड्यांजवळ ठेवत नाही. गंधकाच्या गरम कुंडांवर निघालात तर ती घरी ठेवा. न काळवंडणारा रुपेरी रंगच हवा असेल तर प्लॅटिनमचा वर्ख विचारा आणि किंमत ऐकायची तयारी ठेवा.

पटापट उरलेल्या

डांबराच्या गोळ्या नकोत. कापूर आणि त्या एकत्र तर मुळीच नकोत, दोन्ही मिळून पाघळतात आणि डाग पडतो. ओबी पैठणीसारखीच वर्षातून एक-दोनदा कोरड्या दिवशी सावलीत पसरा आणि घडी बदला.

दुकानात नखाने खरवडून बघू नका. पैठणीची जर कदाचित सोसेल, वर्ख नाही सोसत. आणि दुकानदार हसत असला तरी तो रागावलेला असतो.

चिठ्ठीवर '१०० टक्के रेशीम' वाचून खूश होऊ नका. पुढच्या बारीक अक्षरांत बहुतेकदा 'धातूसारखा दिसणारा धागा सोडून' असं असतं. ते वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा लावा, एवढं तरी करा.

ओबीचा काही भाग कोरा दिसला म्हणून फसवलं असं समजू नका. कमरेच्या आतल्या वेढ्यात जे झाकलं जातं तिथे नक्षी न विणण्याची पद्धत जुनी आहे. साडीच्या खोचायच्या भागावर तुम्ही तरी कुठे दाट बुट्टे मागता?

इस्त्री फिरवू नका, पॉलिस्टरची फीत आक्रसते. मी ओबी दोन सुती कापडांत घालून रात्रभर जाड शब्दकोशांखाली ठेवते. शिवणकाम करणाऱ्यांनी आधी कापायच्या रेघेला कागदी टेप लावावी, टेपच्या दोन्ही अंगांनी मशीन मारावी आणि मगच कात्री चालवावी, नाहीतर पट्ट्या शेवयांसारख्या सुटतात. वर्खावर सुईचं भोक कायमचं. उसवून पुन्हा शिवण्याची सवय असलेल्यांनी आधी जुन्या पडद्यावर हात बसवावा. एका मुलीने यूट्यूब बघून पहिल्याच दिवशी ओबीचा कोट कापायला घेतला. ती अजून माझा फोन उचलत नाही.

पॉलिस्टर म्हणजे फसवणूक, असं म्हणणारेही भेटतात. फसवणूक तेव्हा, जेव्हा विकणारा सोनं म्हणून विकतो. एरवी ती फीत हलकी आहे, काळी पडत नाही, नाचाच्या कार्यक्रमात घामाला टिकते. कित्येक जुने विणकर नक्षीत जिथे डोळा थांबतो तिथे सोनं आणि बाकी ठिकाणी फीत अशी मिसळ करतात, आणि ती जमवायला चांगलीच नजर लागते.

"थोडं थांबते, भाव उतरेल"

गेल्या वर्षी एका ताईंनी लेकीच्या लग्नासाठी सोन्याच्या हिकिबाकुचा तुकडा सांगितला, शेल्याच्या पदराला लावायला. वर्खवाल्यांनी कागदाचा भाव पंधरा दिवसांसाठी दिला होता, त्याहून जास्त दिवस ते देत नाहीत. ताई म्हणाल्या, दिवाळीनंतर सोनं पडेल. मी तीनदा सांगितलं, त्यांनी तीनदा मला शेअर बाजार समजावला. दिवाळी झाली, भाव वर होता. संक्रांतीला त्यांनी हो म्हटलं. मी निरोप घेऊन गेले, तोवर पट्ट्या कापणाऱ्यांनी काम बंद केलं होतं, आणि दुसऱ्याकडे मे महिन्यापर्यंत जागा नव्हती. लग्न फेब्रुवारीत.

शेवटी तो तुकडा चांगल्या जातीच्या फितीत विणून दिला, पॉलिस्टर आहे असं बिलावर लिहून. ताईंनी बिल वाचलं नसावं. लग्नाचे फोटो आले, खाली त्यांनी लिहिलं होतं: खऱ्या सोन्याची गोष्टच वेगळी!