किडनी प्रत्यारोपणानंतरचा खोकला : टीबी म्हणण्याआधी या चुका टाळा

आईने मला किडनी दिली. दीड वर्षाच्या आत ती किडनी जाण्याची वेळ आली, ती सोयाबीनच्या राशीपायी. अंबाजोगाई तालुक्यातलं आमचं रान. बनीम (रचलेली गंज) मोडून हडंबा (मळणीयंत्र) सुरू होता, माणसं कमी पडली म्हणून गुळी (भुसा) ओढायला मीच उभा राहिलो. तोंडाला नुसता रुमाल. तीन आठवड्यांनी खोकला लागला, तिन्हीसांजेला अंगात कणकण, भाकरीवरची वासना उडाली.

पहिली चूक माझीच. कणकणच तर आहे म्हणून दहा दिवस अंगावर काढले. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ताप फणफणून येतोच असं नाही, कारण रोजच्या स्टेरॉइडने तो दबून राहतो. १०० च्या पुढे काटा गेला की त्याच दिवशी आपल्या किडनीच्या डॉक्टरांना फोन करा. ताप नाही पण खोकला हटत नाही, वजन उतरतंय, तरीही करा.

बेडका न तपासता एकेटी (टीबीच्या गोळ्या) सुरू करणं

सगळ्यात महागात पडली ती ही चूक. एका दवाखान्यात एक्स-रेवर डाग दिसला आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे टीबी खरोखरच खूप आहे, प्रत्यारोपणाच्या रुग्णांना तो होतोही, त्यामुळे शंका येणं चूक नव्हतं. पण बेडका तपासला नाही, आणि किडनी बदललेली आहे हे मी सांगूनही ते कागदावर आलं नाही. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आम्ही रोज टॅक्रोलिमस घेतो; एकेटीतलं रिफॅम्पिसिन त्याला शरीरात टिकू देत नाही. त्याची रक्तातली लेव्हल धाडकन खाली येते आणि शरीर नवी किडनी नाकारू लागतं. माझं क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) १.३ वरून २.१ वर गेलं. खोकला होता तिथेच.

पुढे दुर्बिणीने छातीतला नमुना घेतला, तेव्हा नोकार्डिया निघाला. मातीत, कुजलेल्या पाल्यात, धुळीत राहणारा हा जिवाणू. एडमंड नोकार या फ्रेंच पशुवैद्याने १८८८ मध्ये तो बैलांच्या आजारात शोधला. धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. घरात माझं ताट वेगळं ठेवलं होतं, त्याची काही गरज नव्हती.

नोकार्डिया टीबीसारखाच दिसतो. छातीत तसाच डाग, आणि प्रयोगशाळेत टीबी ओळखायला वापरतात तो रंग हाही अर्धवट धरतो. त्यासाठी सौम्य आम्लाची वेगळी रंगतपासणी असते. सीबीनॅट ही बेडक्याची तपासणी फक्त टीबी पकडते, म्हणून ती निगेटिव्ह आली तर तिथे थांबू नका. कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत ‘काही उगवलं नाही’ म्हणून टाकून दिलं जातं, आणि नोकार्डियाला कधी कधी दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या : प्रत्यारोपणाचा रुग्ण, नोकार्डियाची शंका, कल्चर जास्त दिवस ठेवा. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात विचारा.

डोकं दुखत नाही म्हणून मेंदूचा एमआरआय टाळणं

छातीतून हा जिवाणू मेंदूत जाऊ शकतो आणि तिथे गळू होतं, तेही सुरुवातीला काहीच न दुखता. खर्च बघून मी नको म्हणत होतो. डॉक्टर अडून बसले, हे माझं नशीब. कातडीखाली नवी गाठ दिसली तर तीही दाखवा.

उपचार बहुतेक वेळा को-ट्रायमोक्साझोल या सल्फाच्या औषधाचे, सहा महिने ते वर्षभर. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि माणूस गोळ्या सोडतो. सोडू नका, आजार उलटतो. या औषधाने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढू शकतं, तेव्हा रक्त सांगितलेल्या दिवशीच द्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायच्या दिवशी एक चूक आमच्यातले बरेच जण करतात. रात्रीच्या एसटीने निघायचं, पहाटे स्टँडवर चहा घेता घेता टॅक्रोलिमसची गोळी गिळायची आणि मग रक्त द्यायला जायचं. लेव्हल खोटीच जास्त येते. आधी रक्त, मग गोळी. मेडिकलवरून परस्पर डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी घेऊ नका, त्याने किडनीला मार बसतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकने रक्तातलं टॅक्रोलिमस वाढतं, म्हणून तेही परस्पर नको.

धारोष्ण दूध बंद. लिस्टेरिया हा जिवाणू कच्च्या दुधात असू शकतो आणि फ्रिजमध्येही वाढतो, म्हणून दूध उकळूनच प्या. शेणखत उपसणं, रास, कडब्याची गंजी मोडणं ही कामं दुसऱ्याला द्या. रानात जावंच लागलं तर एन-९५ मास्क, हातमोजे, बूट. रुमालातून धूळ आत जातेच.

माझे उपचार अकरा महिने चालले. क्रिएटिनिन १.५ वर येऊन थांबलंय, पहिल्या जागी परत गेलं नाही. यंदा रास होती तेव्हा आईने मला बांधाच्या अलीकडेच थांबवलं.