घरात डिमेन्शिया आहे? आधी वॉचमनला सांगा

बाबांना डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार. ते मुंबईच्या बेस्ट बसवर कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज दुपारी तीनच्या सुमाराला उठून चपला घालायला लागतात, कारण दुसऱ्या पाळीला उशीर होतोय. पहिलं वर्ष आम्ही बिल्डिंगमध्ये कुणाला कळूच दिलं नाही, लोक काय म्हणतील वगैरे. मग एकदा ते गेले खाली, वॉचमनने "काय काका, फिरायला का" विचारून उलट सलाम ठोकला आणि गेट उघडून दिलं. रात्री साडेनऊला सापडले, जुन्या डेपोच्या बाहेर. वॉचमनची काय चूक, त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम हेच. वॉचमन (दिवसाचा आणि रात्रीचा, दोघांना), शेजारी, खालचा वाणी, नाक्यावरचे रिक्षावाले, सगळ्यांना सरळ सांगा की काका एकटे दिसले तर गप्पा मारत थांबवून ठेवायचं, हात धरून ओढायचं नाही, आणि आम्हाला फोन करायचा. लाज वाटते, मान्य आहे. पण मुंबईत माणूस एकदा मेन रोडला लागला की कुठे गेला ते कुणी बघत नाही, गल्लीतली माणसं मात्र बघतात. खिशात कार्ड ठेवून उपयोग नाही, बाबा काढून टाकतात, जीपीएसवालं घड्याळ पण तिसऱ्या दिवशी बादलीत मिळालं, शेवटी शर्टाच्या कॉलरला आतून नंबर शिवून घेतला. सकाळी कपडे घातले की मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. आणि हरवलेच तर २४ तास थांबावं लागतं असं कुणी सांगेल, ते ऐकू नका, लगेच ११२ लावा आणि पोलीस स्टेशन गाठा.

आता रोजचं. "बाबा, तुम्ही रिटायर झालात" हे मी शंभरदा सांगितलं असेल, त्यांना दर वेळी ती नवीन बातमी आणि दर वेळी चेहरा पडायचा. एक दिवस बायको पोळ्या लाटता लाटता बोलून गेली, "बाबा, आज तुमचा वीकली ऑफ ना?" बाबा म्हणाले, "अरे हो की," चपला काढल्या आणि चहा मागितला. मला आधी वाटायचं आपण बापाशी खोटं बोलतोय, आता नाही वाटत. रोज चालतंच असं नाही हां. नाही चाललं तर अडवू नका, चपला घालू द्या, सोबत खाली जा, कंपाउंडला दोन फेऱ्या मारा आणि वर या.

दिवेलागणीला गोंधळ जास्त वाढतो, तेव्हा अंधार पडायच्या आधीच लाइट लावा आणि टीव्हीवरचा बातम्यांचा आरडाओरडा बंद करा. हाताला काम हवं. बाबांना मी रंगीत कागदाच्या पट्ट्या आणि स्टेशनरीवाल्याकडचा छोटा पंच आणून दिला, तासभर टिकटिक करत बसतात. घरात आजी असेल तर मेथी निवडायला द्या, नीट निवडली नाही तरी काय बिघडतं.

अंघोळीला शॉवर नको, डोक्यावर एकदम पाणी आलं की घाबरतात, बादली आणि तांब्या बरा. बाथरूमची आतली कडी काढून टाका. आरशातल्या माणसाशी भांडायला लागले तर आरशावर टॉवेल टाका. रात्री गॅसचा मेन कॉक बंद.

डॉक्टरचं म्हणाल तर विसरणं म्हणजे लगेच अल्झायमर नाही. बी१२ कमी, थायरॉइड, डिप्रेशन, पडून डोक्याला लागलेलं, यानेही असंच होतं आणि वेळेत कळलं तर यावर इलाज असतो. खाजगी परवडत नसेल तर मुंबईत पालिकेच्या केईएम, नायर हॉस्पिटलला ओपीडी आहे, फक्त सकाळी लवकर जा आणि माणसाला लाइनीत उभं करू नका, केसपेपर एकाने काढायचा, दुसऱ्याने सोबत बसायचं. आणि दोन-तीन दिवसात एकदम जास्त बिघडले तर "आजार वाढला" म्हणून गप्प बसू नका. बाबा एकदा रात्रभर भिंतीशी बोलत होते, लघवीचं इन्फेक्शन निघालं. मेडिकलवाल्याकडून सर्दीची, झोपेची गोळी मनाने आणून देऊ नका, काही गोळ्यांनी गोंधळ आणखी वाढतो.

कागदपत्रं सुरुवातीलाच करा, सही समजून करतायत तोवर. मृत्युपत्र, नॉमिनी, जॉइंट खातं. साधी पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी पुढे माणसाची समज गेली की चालत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं.

काही अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फ्री हेल्पलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

आणि एकट्याने सगळं ओढू नका, चार तास का होईना मावशी ठेवा. ब्युरोकडून आल्या की औषधं, जेवण सांगतोच आपण, पण हेही सांगा की बाबांनी तिकीट विचारलं तर हसायचं नाही, उतरायचं कुठे ते सांगायचं. आमच्या मावशी रोज "एक दादर" सांगतात. राहतात दिव्याला.