घरी पिस्तूल खोलून साफ करताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरला लायसनच्या हत्याराचं कोणाला फारसं अप्रूप नाही, लश्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांतही कुठे दुनाळी आहे तर कुठे .32 बोअरचं पिस्तूल आहे, आणि निवडणूक आली की आचारसंहितेत ते जमा करायची पळापळ ठरलेली. 2024 च्या लोकसभेला मार्चमध्ये जमा केलेलं बाबांचं पिस्तूल जूनमध्ये परत आलं तेव्हा स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या, एका बाजूला तांबूस डाग उठले होते. तसा डाग दिसला की माणूस घाईघाईत टेबलावर पेपर पसरतो आणि खोलायला बसतो, आणि सगळ्या चुका नेमक्या त्याच घाईत होतात.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढायचं, मग स्लाइड ओढायची. उलटं केलं तर काय होतं ते नीट समजून घ्या. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला उडायला तयार बसलेली, गोळी बाहेर उडते, ती दिसते, आपण म्हणतो झालं रिकामं, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलून गेलेली असते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी ती आतच. माझ्या आत्येभावाच्या घरी हेच झालं. त्याचं पिस्तूल खोलायला आधी घोडा (ट्रिगर) दाबावा लागतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तशीच रचना असते, त्याने दाबला आणि गोळी पलंगाच्या पेटीत घुसली. आत्या शेजारच्या खोलीत भाजी निवडत होती. कोणाला लागलं नाही, पण त्या प्लायवुडला पडलेलं भोक मी बोट घालून बघितलंय आणि तेव्हापासून या विषयावर मी कोणाचंच "अरे मला माहितीय" ऐकून घेत नाही.

म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड तीन-चार वेळा पूर्ण मागे ओढा, मग मागे लॉक करून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा, कारण संध्याकाळच्या उजेडात डोळा फसतो. नळी भिंतीच्या, माणसाच्या, स्वतःच्या डाव्या तळहाताच्या दिशेला नको, आणि हे सगळं करताना काडतुसं त्या खोलीतच नकोत, दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून या. मुलं आसपास असतील तर त्या दिवशी साफसफाई नकोच.

दुसरी चूक, गरजेपेक्षा जास्त खोलणं. रोजच्या सफाईला स्लाइड, नळी, स्लाइडला पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिन एवढं वेगळं झालं की पुष्कळ. मॉडेलप्रमाणे खोलायची पद्धत बदलते, काहींची नळी फ्रेमलाच पक्की असते आणि निघतच नाही, तिला ओढाताण करून काही मिळणार नाही, तेव्हा तुमच्याच पिस्तुलाचं मॅन्युअल समोर ठेवा, दुसऱ्याच्या पिस्तुलाचा व्हिडिओ बघून नाही. गोळीवर आपटणारी फायरिंग पिन, तिला अडवून धरणारा सिअर, घोड्याच्या आतल्या बारक्या स्प्रिंगा यांना हात लावू नका. रिकॉइल स्प्रिंग दाबलेली असते, सुटली की डोळ्याकडे उडते, चष्मा लावून बसा आणि स्प्रिंग बाहेर येईपर्यंत अंगठ्याने तिला धरून ठेवा.

आता तेल. यात आपली माणसं फार चुकतात कारण घरात तेल भरपूर. मोहरीचं तेल हळूहळू वाळून चिकट थर होतं, आणि खोबरेल तर 24 अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, ग्वाल्हेरच्या जानेवारीत डबीत दगड झालेलं बघताच ना, तसंच ते स्लाइडच्या खाचेतही होणार. रॉकेल-पेट्रोलने धुणारे आहेत, काजळी निघते खरी पण लोखंड कोरडं उघडं राहतं, वर आग लागायची भीती वेगळी. गन ऑइल घ्या आणि थेंब मोजून लावा. इथली मे-जूनची धूळ जादा तेलात बसली की घासणारा लेप तयार होतो. मॅगझिनच्या आत तेल नको, कोरड्या फडक्याने पुसायचं, कारण तेल काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, झिरपलं तर गोळी फुसकी निघू शकते.

नळी वेगळी निघत असेल तर ब्रश चेंबरकडून घाला आणि पूर्ण पलीकडे काढून मगच परत ओढा, मध्येच उलटा फिरवला तर तारा वाकतात. स्टीलचा ब्रश नको, पितळेचा चालतो. खिडकी उघडी ठेवा, काजळीत शिसं असतं, त्या हाताने चहाचा कप उचलू नका.

एक जागा हमखास राहून जाते ती म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टरचा बारीक आकडा. काडतुसाची रिकामी पुंगळी नळीत अडकायला लागली, बाहेर फेकली जात नाही, तर आधी तिथे बघा, आकड्याखाली काजळीची पापडी जमलेली असते, नायलॉनच्या ब्रशने किंवा लाकडी टूथपिकने काढा. गोळी चेंबरात चढताना अडखळत असेल तर फीड रॅम्प (गोळी चढायचा उतार) आणि मॅगझिनचे ओठ, म्हणजे वरच्या वळलेल्या कडा, तपासा. जोडल्यावर स्लाइड पूर्ण पुढे जात नसेल तर ठोकू नका, बहुतेक वेळा स्प्रिंग उलटी बसलेली असते किंवा स्प्रिंगमधली गाइडची दांडी तिरकी असते, परत उघडा. जोडून झालं की रिकाम्यानेच स्लाइड ओढून बघा, सेफ्टी लावून घोडा दबतोय का तपासा, मॅन्युअलप्रमाणे दबायला नको असताना दबत असेल तर ते पिस्तूल वापरायचं नाही. प्रायमरवर खूण हलकी पडतेय, सेफ्टी ढिली आहे, असलं काही असेल तर लायसन असलेल्या दुकानाकडेच न्या, दुरुस्तीलाही आर्म्स ॲक्टप्रमाणे परवाना लागतो, ओळखीच्या लेथवाल्याकडे द्यायचं काम नाही.

आणि साफ झालेलं पिस्तूल परत चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं लोखंड खातात. बाबांच्या पिस्तुलावरचे डाग तिथूनच आले, जिथे शिवण टेकत होती बरोबर त्याच रेषेत. आता ते तेलाचा हात फिरवलेल्या सुती फडक्यात असतं, बाजूला सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मी ते काढून बघतो, मॅगझिन आधी काढूनच.